होम टूरआधी मिडसेंच्युरी घराला काय लावावं, काय लांब ठेवावं

१९५० आणि ६० च्या दशकातलं घर होम टूरसाठी उघडायचं ठरलं की पहिला मोह होतो तो सगळं चकचकीत करण्याचा. पॉलिशच्या बाटल्या येतात, फरशीवर चकाकी चढते, भिंतीच्या पॅनेलला तेल लागतं आणि आठ दिवसांत साठ वर्षांचं घर कालच बांधल्यासारखं दिसायला लागतं. नुकसान होतं ते इथेच. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक या त्या काळच्या वास्तुशैलीच्या उत्सवासाठी येणारे लोक असोत, की एखाद्या आयक्लर वसाहतीत, म्हणजे बिल्डर जोसेफ आयक्लर यांनी बांधलेल्या घरांच्या वसाहतीत, शेजाऱ्यांनी भरवलेल्या टूरला येणारे, त्यांना बघायचं असतं जुनं व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पदर), जुनी फरशी आणि जुनी काच. म्हणून या सामानाची पारख करताना इथे एकच कसोटी लावली आहे: आज लावलेलं उद्या काढता येईल का? जे काढता येत नाही ते टूरच्या तोंडावर घराला लावू नये, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

सुरुवात लाकडापासून, कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका तिथेच होतात.

हॉवर्ड कंपनीचं रिस्टोर-अ-फिनिश बहुतेक जण उचलतात आणि निवड योग्यच आहे, फक्त ते काय आहे हे समजून वापरायला हवं. हा रंग मिसळलेला सॉल्व्हंट आहे. जुन्या लॅकरचा किंवा शेलॅकचा वरचा थर तो किंचित मऊ करतो, ओरखड्यांत रंग भरतो आणि गरम कपाने उमटलेली पांढरी वर्तुळं घालवतो. त्या काळातलं अमेरिकेत कारखान्यात बनलेलं फर्निचर बहुतांशी नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, त्यामुळे जोडी जमते. नंतर कुणी पॉलियुरेथेन चढवलं असेल तर मात्र ते नुसतं वरून फिरतं आणि पुसलं जातं.

थर कोणता आहे हे आधी ओळखा. फर्निचरच्या मागच्या किंवा आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्याने डिनेचर्ड अल्कोहोलचा एक थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर शेलॅक. नाही झालं तर शेजारी लॅकर थिनरचा थेंब लावा: विरघळलं तर लॅकर, सुरकुत्या आल्या तर व्हार्निश, ढिम्म काही झालं नाही तर पॉलियुरेथेन. शेवटच्या दोन्ही ठिकाणी या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

लावण्याआधी मिनरल स्पिरिटने (पेट्रोलियमपासून बनलेल्या सौम्य सॉल्व्हंटने) पृष्ठभाग पुसून घ्या. वर्षानुवर्षं मारलेल्या सिलिकॉनच्या फर्निचर स्प्रेचा आणि मेणाचा थर निघाला नाही तर सगळं डागाळतं. मग ०००० नंबरची स्टील वूल बुडवून, पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि लगेच स्वच्छ सुती कापडाने पुसा. वॉलनटच्या क्रेडेंझावर, म्हणजे लांब बुटक्या कपाटावर, पांढरं वर्तुळ असेल तर तेवढ्याच जागी जरा जास्त वेळ फिरवा. आधी वर्तुळाची कड धूसर होते, मग ते तुटक दिसायला लागतं आणि शेवटी फक्त तिरप्या उजेडात जाणवतं. तिथे थांबा. तेवढंही घालवायच्या नादात लॅकर पार निघतं आणि मग त्या जागी गडद चट्टा राहतो, तो कायमचा.

हीच गोष्ट कडांची. त्या काळातल्या व्हिनियरची जाडी साधारण इंचाचा अठ्ठाविसावा भाग, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी. दरवाजाच्या आणि ड्रॉवरच्या कडांवरचं लॅकर हातांनी झिजून गेलेलं असतं, उघडं लाकूड रंग पिऊन घेतं आणि कडेला काळपट पट्टा उमटतो. कडांवर स्टील वूल नकोच. कापडाला जेमतेम ओल लागेल एवढंच घेऊन एकदा पुसा. रंग निवडताना शंका असेल तर एक छटा फिकी घ्या; गडद नंतर करता येतं, फिकं करता येत नाही. ओक आणि वॉलनटमध्ये टॅनिन असतं, स्टील वूलचे बारीक कण तिथे अडकले आणि ओल मिळाली की काळे ठिपके पडतात. काम झाल्यावर ब्रशच्या तोंडाने व्हॅक्यूम करा, नाहीतर सरळ पांढरा सिंथेटिक पॅड वापरा.

त्यावर त्याच कंपनीचं फीड-एन-वॅक्स: पातळ थर, वीस मिनिटं थांबायचं, कोरड्या कापडाने पुसायचं. त्यात संत्र्याचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि कार्नोबा मेण असतं. चमक येते ती मंद, लॅकरच्या मूळ चमकेशी जुळणारी, आणि मिनरल स्पिरिटने पुन्हा निघते. आमच्या कसोटीला हे पूर्ण उतरतं. एकच बाटली घ्यायची असेल तर हीच घ्या.

वॅटकोच्या डॅनिश ऑइलबद्दल मत वेगळं आहे. माल उत्तम, पण जागा बघून वापरायचा. तेल आणि व्हार्निशचं हे मिश्रण लाकडात मुरतं: सढळ हाताने लावायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, पुन्हा लावून पंधरा मिनिटं, मग अगदी कोरडं होईपर्यंत पुसायचं. मुळात तेलाचंच फिनिश असलेल्या भरीव सागवानी टेबलाला ते शोभतं. आयक्लरच्या घरांत भिंतींना फिलिपाइन मॅहॉगनीचं, म्हणजे लुआनचं पॅनेल असतं, त्याला मात्र हे लावू नका. लुआन वयाबरोबर आधीच गडद झालेलं असतं, तेलाने आणखी काळवंडतं, आणि प्लायवूडचा वरचा पदर इतका पातळ असतो की घासून परत आणायची सोय नाही. एक पॅनेल चुकलं तर पूर्ण भिंतीचा रंग बिघडतो, कारण शेजारचं पॅनेल त्याच्याशी जुळत नाही.

डॅनिश ऑइल वापरणारच असाल तर टूरच्या किमान दोन आठवडे आधी. वास रेंगाळतो, आणि नीट पुसलं नसेल तर पृष्ठभाग चिकट राहून पाहुण्यांच्या हातांचे ठसे धरतो. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण करतं, गोळा झालेल्या कापडात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेतं. एकेक फडकं बाहेर उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. होम टूरच्या गडबडीत ही गोष्ट विसरली जाते म्हणून मुद्दाम लिहितो.

मग भिंतीच्या पॅनेलला काय लावायचं? जवळजवळ काही नाही. कोरड्या मायक्रोफायबरने धूळ काढा. हात लागून काळवंडलेल्या जागी, म्हणजे स्विचच्या भोवती आणि दाराच्या कडेला, मर्फी ऑइल सोप: एक गॅलन पाण्याला पाव कप, कापड घट्ट पिळून, खालून वर पुसत जायचं. वरून खाली आलात तर मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या लाकडात उतरतात आणि तेच डाग पडतात. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. एका वेळी एकच पॅनेल.

आता फरशी. टेराझो, म्हणजे आपण जिला मोझॅक म्हणतो ती, त्या काळातल्या घरांत पोर्टलँड सिमेंटमध्ये संगमरवराच्या खड्या बसवून केलेली असते. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही आम्लाने खरवडले जातात, त्यामुळे व्हिनेगर, लिंबू, बाथरूम क्लीनर यातलं काही इथे चालत नाही. घरगुती उपाय म्हणून व्हिनेगरचं पाणी फिरवलं की त्या वेळी फरशी स्वच्छ वाटते, वाळल्यावर निस्तेज झालेले पट्टे दिसतात. ते मग डायमंड पॅडनेच निघतात: ४०० पासून ८००, १५००, ३००० असे चढत्या क्रमाने, पाण्यासह, यंत्रावर. हे काम टूरच्या महिनाभर आधी माहीतगाराकडून करून घ्यायचं, आणि तेही फरशी खरोखर खराब असेल तरच.

नेहमीच्या फरशीला न्यूट्रल पीएचचा दगडाचा क्लीनर पुरतो. डब्यावर पीएच ७ च्या आसपास लिहिलेलं असलं म्हणजे झालं, कंपनीत फारसा फरक नाही. खरा फरक पडतो तो आधीच्या कोरड्या झाडण्याने. वाळूचे कण पाण्यासोबत फिरले की ते सँडपेपरचं काम करतात. आधी रुंद सुती मॉप, मग व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, आणि पाणी दर खोलीला बदलायचं.

दुकानात फरशीची चकाकी वाढवणारे ॲक्रिलिक सीलर मिळतात. ते घेऊ नका. वर बसणारा थर पायांनी घासून चट्टेदार होतो, काही वर्षांत पिवळा पडतो आणि काढायला क्षारयुक्त स्ट्रिपर लागतो. हवंच असेल तर आत मुरणारा सीलर घ्या. तो दिसत नाही, फक्त सांडलेलं द्रव आत जायला वेळ लावतो. तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याची पाण्यात जाड लुगदी करून पाव इंच थर द्या, वर प्लॅस्टिकची फिल्म लावा, कडा टेपने बंद करा, चोवीस तासांनी खरवडा. जुना डाग एकदा लावून जात नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं, म्हणून टूरच्या आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

नऊ बाय नऊ इंचाच्या जुन्या फरश्या असतील तर हात आखडता घ्या. त्या मापाच्या विनाइल किंवा अस्फाल्टच्या फरश्यांमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट असते, त्यांच्याखालच्या काळ्या गोंदातही. अखंड फरशी जागेवर असताना धोका नगण्य असतो. घासणं, सँडिंग, ड्रिलिंग, कोरडं खरवडणं यांनी तो सुरू होतो. कामाच्या जागांसाठीचा अमेरिकन नियम अशा फरशीवर सँडिंगला मनाई करतो, आणि मेण काढायचं झालं तर मऊ पॅड, मिनिटाला ३०० पेक्षा कमी फेरे आणि ओली पद्धत सांगतो. घराला तो कायदा लागू नसला तरी शहाणपण तेच आहे. ओलं पुसा, मेणाचा पातळ थर हाताने द्या, तुटलेल्या फरशीवर गालिचा टाका. गालिच्याखालचा पॅड रबराचा नको: रबरातली रसायनं विनाइलवर पिवळा डाग पाडतात आणि तो पुसून जात नाही. विनाइलसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला पॅडच घ्या.

तीच सावधगिरी रंगाची. अमेरिकेत घरगुती रंगात शिशाला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराच्या चौकटी टूरआधी हौसेने कोरड्या घासून रंगवणं म्हणजे शिशाची धूळ घरभर करणं. कंत्राटदाराला पैसे देऊन काम करत असाल आणि एका खोलीत ६ चौरस फुटांहून जास्त किंवा बाहेर २० चौरस फुटांहून जास्त रंगाला हात लागणार असेल, तर त्याच्याकडे ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, प्रमाणपत्र हवं. २०१० पासून हा नियम आहे. पोपडे आलेली एखादी चौकट पाहुण्यांना दिसली तर काही बिघडत नाही.

पाहुण्यांचे पाय हा पुढचा विषय. राम बोर्ड नावाचा जाड पुठ्ठा बांधकामाच्या वेळी फरशी झाकायला फार चांगला आहे. रोल ३८ इंच रुंद, १०० फूट लांब, म्हणजे जवळपास ३१७ चौरस फूट. ओल आतून बाहेर जाऊ देतो, त्यामुळे खाली घाम धरत नाही. पण टूरच्या दिवशी तो अंथरला तर लोक बघायला काय आले? म्हणून त्याची जागा तयारीच्या आठवड्यांत, शिडी आणि फर्निचर हलवताना. टूरला तो फक्त गॅरेज ते स्वयंपाकघर अशा कामाच्या वाटेवर ठेवा. जोड एकमेकांना चिकटवा, टेप फरशीला लावू नका. लावावीच लागली तर निळी पेंटर्स टेप, आणि तिची मुदत बघून: थ्रीएमची नेहमीची २०९० चौदा दिवसांत निघायला हवी, नाजूक पृष्ठभागाची २०८० साठ दिवसांपर्यंत चालते. मुदत उलटली की गोंद लॅकरसकट निघतो.

टूरच्या दिवशीचा खरा उपाय म्हणजे बुटांवर चढवायची कव्हर. इथे हिशोब चुकतो तो असा: खोक्यावर १०० लिहिलेलं असतं ते बहुतेकदा नग, जोड नव्हे. तीनशे माणसं येणार असतील तर सहाशे नग, म्हणजे सहा खोकी, आणि फाटतात म्हणून वर एक. साधी गुळगुळीत कव्हर टेराझोवर बर्फासारखी घसरतात, वयस्कर पाहुण्यांसाठी हे धोक्याचं आहे. तळाला रबराच्या ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची पकड असलेलीच घ्या, आणि दाराशी दोन पक्की बाकं ठेवा. एका पायावर उभं राहून कव्हर चढवणारा माणूस आधारासाठी हात टेकतो तो नेमका पॅनेलवर. अडवायच्या खोलीसमोर दोरीचे खांब वजनाच्या तळाचे घ्या. आयक्लर घरांत स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप असतात, जमिनीत स्क्रू मारला तर पाणी आणि हीटिंग दोन्ही गेलं.

काच पुसायला महागडा स्प्रे लागत नाही. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब, १४ किंवा १८ इंचांचा पितळी स्क्वीजी (काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टीची दांडी) आणि नवं रबर. एत्तोरेचा पितळी स्क्वीजी वर्षानुवर्षं चालतो, फक्त रबराची कड बोथट झाली की बदलायची. काचेवर बारीक रेघा उरतात त्या साबणामुळे नसून बोथट रबरामुळे. उन्हात पुसू नका. काचेवरचा जुना रंग पात्याने काढायचा असेल तर आधी कोपरा बघा. टेम्पर्ड काचेवर बारीक शिक्का कोरलेला असतो, आणि अशा काचेवर पातं फिरवलं तर भट्टीतले चिकटलेले सूक्ष्म कण ओढले जाऊन लांब ओरखडे पडू शकतात.

शिक्का नसेल तर वेगळी काळजी. सरकत्या दारांना सुरक्षित काच लावण्याचा अमेरिकेतला नियम १९७७ चा. त्याआधीची जमिनीपासून छतापर्यंतची काच साधी असण्याची शक्यता मोठी आणि ती फुटली तर लांब धारदार सुळ्यांनी फुटते. तुम्ही काच आरशासारखी स्वच्छ केली, बाग आत आल्यासारखी दिसायला लागली, की अनोळखी माणूस सरळ चालत जाऊन आपटतो. समोर बुटकं बाक किंवा मोठी कुंडी ठेवा, डोळ्यांच्या उंचीवर लहान पारदर्शक ठिपके लावा. ते टूरनंतर सोलून निघतात.

सरकत्या दाराचा रूळ अडखळत असेल तर डब्ल्यूडी-४० चा साधा निळा-पिवळा डबा मारायचा नाही. तेलकट थर धूळ गोळा करतो आणि महिन्याभरात दार आणखी जड होतं. अरुंद तोंडाने व्हॅक्यूम, जुन्या टूथब्रशने कोपरे, मग कोरडा सिलिकॉन स्प्रे.

बार कीपर्स फ्रेंड पावडरचं नाव घेतल्याशिवाय स्वयंपाकघराचा विषय संपत नाही. त्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड गंजाचे डाग आणि स्टीलवरचे पिवळे पट्टे सुंदर काढतं. ओल्या सिंकवर चिमूट-चिमूट टाका, स्टीलच्या रेषांच्या दिशेने घासा, मिनिटाच्या आत भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर पांढरी साय राहते. गुलाबी किंवा निळ्या बाथटबवर याचाच द्रवरूप प्रकार घ्या, पावडर वारंवार फिरवली तर इनॅमलची चमक जाते. टेराझोवर एक शिंतोडाही उडू देऊ नका, अ‍ॅनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लावू नका, आणि ब्लीचबरोबर कधीच एकत्र करू नका.

फॉर्मायकाच्या ओट्यावर मेलामाइनचा पांढरा स्पंज नको, तो अतिबारीक सँडपेपरच असतो. स्कायलार्क नक्षीचा, म्हणजे डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी १९५० मध्ये केलेल्या त्या बूमरँगसारख्या आकारांचा मूळ ओटा शाबूत असेल तर तो घरातला मोठा ठेवा आहे. भांड्यांचा साबण, मऊ नायलॉन ब्रश, बास. पितळी हँडलवरचा जुना काळसरपणा तसाच राहू द्या. ब्रीझ ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या जाळीदार ठोकळ्यांच्या, भिंतीला पाइपचं साधं पाणी आणि लांब ब्रश. प्रेशर वॉशरने कडा उडतात.

दिवे मात्र बदला, तिथे काहीच कायमचं नाही. गोल दुधी काचेच्या दिव्यांत २७०० केल्विनचा (उबदार पिवळसर उजेडाचा), सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त असलेला, दुधी एलईडी बल्ब घाला. पारदर्शक फिलामेंटचा बल्ब घातला तर दुधी गोळ्याच्या मधोमध झगझगीत ठिपका दिसतो आणि गोळ्याचा सगळा मऊपणा जातो. साधारण ४५० ल्युमेन एका गोळ्याला पुरे. पूर्ण बंद गोळा असेल तर बंद दिव्यात चालणारा असं लिहिलेला बल्ब बघून घ्या, नाहीतर आतल्या उष्णतेने त्याची इलेक्ट्रॉनिक्स लवकर जाते. जुन्या डिमरवर एलईडी लुकलुकतात, कारण त्या डिमरला लागतो तेवढा भार त्यांच्याकडून मिळत नाही. डिमर बदलायचा, किंवा त्या दिवशी पूर्ण उजेडावर ठेवून बटणावर टेप लावायची. सगळे बल्ब एकाच खोक्यातले घ्या. मोकळ्या आराखड्याच्या घरात एका नजरेत सात-आठ दिवे दिसतात आणि एकाची छटा वेगळी असली तरी लगेच खटकते.

आदल्या रात्री फरशीला, लाकडाला काहीही लावू नका. फक्त कोरडी धूळ, आणि संध्याकाळी दिवे लावून एकदा दारातून आत चालत या: पॅनेलवरचे हातांचे ठसे तिरप्या उजेडातच दिसतात. टूर संपली की त्याच संध्याकाळी निळी टेप आणि काचेवरचे ठिपके सोलून काढा, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात गोंद भाजला की ते काम दुप्पट होतं.